पडक्या घरांचा फोटोवाला

दोस्तांनो, अमेरिका म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती, भलेमोठे रस्ते, डिस्नेलँड... हो ना? पण याच अमेरिकेत मोठी शहरं मागे टाकून आडरस्त्याला लागलं, की वेगळाच देश सुरू होतो. नजर पोचेल तिथवर शेतं आणि त्या शेतांमध्ये एखादंच एकटं लाकडी घर. भिंतींचा रंग उडालेला, छप्पर मधोमध खचलेलं, खिडक्यांच्या काचा केव्हाच गेलेल्या. अंगणात कमरेएवढं गवत. शेजारी एका अंगाला कललेला 'बार्न', म्हणजे गुरं, चारा आणि अवजारं ठेवायचं उंच लाकडी कोठार. माणसाचा मात्र कुठे पत्ता नाही!

अशा घरांचे फोटो काढायला अमेरिकेत माणसं मुद्दाम शेकडो मैल गाडी चालवत जातात. कुणी हौस म्हणून, कुणी पोटापाण्याचा उद्योग म्हणून.

"छे! पडक्या घरात फोटो काढण्यासारखं काय असतं? त्यापेक्षा ताजमहालाचा काढावा!" असं तुमच्यापैकी कुणीतरी नक्की म्हणेल. म्हणूनच आज विल्यम ख्रिस्टनबेरी या माणसाची गोष्ट सांगायला हवी. त्यानं चाळीसहून अधिक वर्षं त्याच त्या जुन्या इमारतींचे फोटो काढले. त्यातले कितीतरी फोटो तर चक्क लहान मुलांसाठी बनवलेल्या कॅमेऱ्यानं काढलेले आहेत! पण त्याच्याकडे जाण्याआधी एक कोडं सोडवू या. ही घरं मुळात रिकामी झालीच कशी?

घर सोडून सगळे गेले कुठे?

१८६२ साली अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी 'होमस्टेड' कायद्यावर सही केली. सरकारी जमिनीचा १६० एकरांचा तुकडा घ्या, त्यावर घर बांधा, पाच वर्षं राहून जमीन कसा, की ती तुमची, असा तो कायदा. लाखो कुटुंबं बैलगाड्या-घोडागाड्यांत संसार भरून निघाली. (ज्या आदिवासी जमाती या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहत होत्या, त्यांना तिथून हुसकावण्यात आलं होतं, हेही विसरून चालणार नाही.) नेब्रास्कासारख्या भागात तर घर बांधायला झाडंही नव्हती. मग लोकांनी गवताच्या मुळांसकट जमिनीचे ठोकळे कापले आणि ते विटांसारखे रचून घरं उभी केली.

१९३५ च्या सुमाराला अमेरिकेत जवळपास ६८ लाख शेतं होती. २०२२ च्या शेतीगणनेत त्यांतली १९ लाखच उरली. म्हणजे जमीन नाहीशी झाली का? नाही. छोटी शेतं शेजारच्या मोठ्या शेतांत मिसळून गेली. जमीन सगळ्यांना हवी होती, पण तिच्यावरचं जुनं घर कुणालाच नको होतं!

हे झालं कशामुळे? एक तर १९२९ साली महामंदी आली आणि शेतमालाचे भाव कोसळले. त्यातच मधल्या सपाट प्रदेशात दुष्काळ पडला. गवताळ कुरणं नांगरून टाकलेली, त्यामुळे मातीला धरून ठेवायला मुळंच नव्हती. वारा सुटला की सुकी माती आभाळात उडायची. १४ एप्रिल १९३५ या दिवशी तर धुळीचं असं काळंकुट्ट वादळ आलं, की भर दिवसा अंधार झाला. त्या दिवसाला आजही 'काळा रविवार' म्हणतात.

दुसरं कारण म्हणजे ट्रॅक्टर. अनेक कुटुंबं मिळून जी जमीन कसायची, ती आता एक ट्रॅक्टर नांगरू लागला. बटाईनं शेती करणाऱ्यांना जमीनमालकांनी सरळ निरोप दिला. डोरोथिया लँग या छायाचित्रकार बाईंनी १९३८ मध्ये टेक्सासमध्ये काढलेला एक फोटो फार गाजला. त्यात नांगराच्या लांबच लांब वळणदार सऱ्या थेट घराच्या उंबऱ्याला जाऊन भिडल्या आहेत. घर रिकामं आहे. फोटोत माणूस नाही, ट्रॅक्टरही नाही. तरी काय घडलं ते तुम्हाला बरोबर कळतं!

मग माणसं गेली, तशी दुकानं बंद झाली, चर्च ओस पडली. सगळे वर्ग एकाच खोलीत भरणाऱ्या अशा सुमारे दोन लाख शाळा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत होत्या. बस आल्या, मोठ्या शाळा झाल्या आणि या छोट्या शाळांना कुलपं लागली. नेब्रास्कातलं मोनोवाय नावाचं गाव माहीत आहे? २०१० च्या जनगणनेत त्या गावाची लोकसंख्या होती, १. हो, फक्त एक!

नाताळची भेट

आता चला अलाबामा राज्यातल्या हेल काउंटीत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. इथली माती लाल आणि पीक कापसाचं. १९३६ च्या उन्हाळ्यात वॉकर इव्हान्स हा छायाचित्रकार आणि जेम्स एजी हा लेखक इथे आले. बटाईनं कापूस पिकवणाऱ्या तीन गरीब कुटुंबांबरोबर त्यांनी काही आठवडे घालवले. इव्हान्सनं त्या माणसांचे, त्यांच्या फळ्यांच्या घरांचे, चुलींचे, बुटांचे फोटो काढले. १९४१ साली त्यांचं पुस्तक आलं. तेव्हा ते फारसं कुणी विकत घेतलं नाही. १९६० साली ते पुन्हा छापलं गेलं आणि मग मात्र जगभर पोचलं.

ज्या वर्षी इव्हान्स तिथे फोटो काढत होता, त्याच १९३६ साली शेजारच्या टस्कलूसा गावात विल्यम ख्रिस्टनबेरीचा जन्म झाला. त्याचे दोन्हीकडचे आजी-आजोबा हेल काउंटीतलेच. सुट्टी लागली की स्वारी आजोळी! लहानपणी नाताळात त्याला 'ब्राउनी' कॅमेरा भेट मिळाला. कोडॅक कंपनीनं १९०० साली पहिला ब्राउनी बाजारात आणला तेव्हा त्याची किंमत होती एक डॉलर, आणि तो बनवला होता मुख्यतः मुलांसाठी. साधी डबी, पुढे एक भिंग. फार काही जुळवाजुळव करायची भानगडच नाही. समोर धरायचा आणि कळ दाबायची.

विल्यम मोठा झाला, चित्रकला शिकला. आजोळच्या ओळखीच्या इमारती त्याला रंगवायच्या होत्या. रंग नीट लक्षात राहावेत म्हणून त्यानं ब्राउनीमध्ये रंगीत फिल्म घालून त्यांचे फोटो काढले आणि साध्या दुकानात धुऊन घेतले. त्याच्या लेखी ते चित्रासाठीचं टिपण होतं. एवढ्यात इव्हान्स आणि एजीचं ते पुस्तक त्याच्या हाती पडलं. बघतो तर काय, आपलीच माती, आपलीच घरं! १९६१ मध्ये न्यूयॉर्कला गेल्यावर तो इव्हान्सला भेटला. ते छोटे छोटे फोटो पाहून इव्हान्सनं त्याला सांगितलं, की बाबा रे, ही नुसती टिपणं नाहीत, हे काम मनापासून पुढे ने.

पुढे ख्रिस्टनबेरी वॉशिंग्टनला कलाशाळेत शिकवू लागला. पण वर्षाकाठी अलाबामाची फेरी त्यानं चुकवली नाही. आणि प्रत्येक फेरीत तो नव्या इमारती शोधायच्याऐवजी जुन्याच इमारतींपुढे जाऊन उभा राहायचा. १९७३ मध्ये तर तो इव्हान्सलाच सोबत घेऊन हेल काउंटीत गेला. १९३६ नंतर इव्हान्स तिथे पहिल्यांदाच परतला होता.

भविष्य सांगणारं घर

हॅवाना जंक्शन या ठिकाणी रस्त्याकडेला एक लाकडी इमारत होती. कोणे एके काळी तिथे ख्रिस्टनबेरीच्या नात्यातल्याच एका आजोबांचं किराणा दुकान होतं. दुकान बंद पडल्यावर तिथे हात पाहून भविष्य सांगणारे लोक राहायला आले. त्यांनी हाताच्या पंजाचं चित्र असलेली पाटी रंगवली. मग तेही निघून गेले. खिडकीची काच फुटली, तेव्हा कुणीतरी तीच पाटी उचलून त्या भोकात बसवली. आणि बसवली तीसुद्धा उलटी!

ख्रिस्टनबेरीनं या घराचे फोटो वर्षानुवर्षं काढले. ते ओळीनं लावून पाहिले तर काय दिसतं? पहिल्या फोटोत घर उभं आहे आणि शेजारी झाड आहे. मग झाड वाढत जातं, घर झुकत जातं. छप्पर बसतं, भिंती वाकतात. आणि १९८८ च्या फोटोत घरच नाही! आहे ती फक्त घराची जागा आणि हिरवी गर्दी. सगळ्यांचं भविष्य सांगणाऱ्या त्या पंजाला आपल्याच घराचं भविष्य काही सांगता आलं नाही.

आता विचार करा. यातला एकच फोटो तुमच्यापुढे ठेवला असता, तर तुम्ही 'छान आहे' म्हणून पान उलटलं असतं. पण एकामागून एक फोटो बघताना तुम्ही त्या घराची काळजी करायला लागता. 'पुढच्या वर्षी असेल ना हे?' असं मनात येतं. ख्रिस्टनबेरीच्या कामाची खुबी इथेच आहे. भारी कॅमेरा त्याच्याकडे नंतर आलाच. पण मुख्य गोष्ट होती, परत परत जाणं.

एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. यातल्या काही इमारतींच्या लहान प्रतिकृतीही त्यानं स्वतःच्या हातांनी बनवल्या आणि त्या खऱ्याखुऱ्या अलाबामाच्या लाल मातीवर मांडल्या. २०१६ मध्ये, ८० व्या वर्षी तो वारला. आज त्याची कामं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

घर पडतं कसं?

घराला सगळ्यात मोठा शत्रू कोण? वारा? वाळवी? नाही, पाणी! छपराची एक पट्टी निसटली की तिथून पाणी आत शिरतं. लाकडात सुमारे २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल टिकून राहिली, की त्यावर बुरशी पोसली जाते आणि लाकूड भुसभुशीत होतं. खालची तुळई कुजली की भिंत बसते, भिंत बसली की छप्पर सरकतं, आणि छप्पर सरकलं की आणखी पाणी! घरात माणूस राहत असला की तो गळती लागल्याबरोबर शिडी लावतो. रिकाम्या घरासाठी शिडी कोण लावणार?

म्हणूनच दमट अलाबामातली घरं भराभर कोसळतात, आणि कोरड्या हवेतली तग धरतात. कॅलिफोर्नियातलं बोडी हे सोन्याच्या खाणीचं गाव घ्या. १८५९ मध्ये तिथे सोनं सापडलं, १८८० च्या आसपास हजारो लोक राहत होते, आणि सोनं सरल्यावर गाव ओस पडलं. आठ हजार फुटांहून उंच, कोरड्या डोंगराळ भागात ते आजही उभं आहे. १९६२ पासून ते राज्य सरकारचं संरक्षित उद्यान आहे. तिथला नियम गमतीदार आहे. घरं नवीकोरी करायची नाहीत, पण पडूही द्यायची नाहीत! छप्पर गळलं तर बुजवायचं, भिंत कलली तर टेकू द्यायचा, बस्स. त्यामुळे खिडकीतून डोकावलं तर आतलं सामान धुळीसकट जागच्या जागी दिसतं. तिथली वस्तू उचलून नेली तर शाप लागतो, अशी एक वदंता आहे. घाबरून कितीतरी लोकांनी उचललेले खिळे आणि बाटल्या माफीच्या पत्रासह टपालानं परत पाठवल्या आहेत!

सुंदर, पण कुणासाठी?

इथे एक अवघड प्रश्न येतो. मावळतीच्या तिरप्या उन्हात जुनं लाकूड सोन्यासारखं चमकतं. प्रत्येक भेग, प्रत्येक खिळा उठून दिसतो. फोटो अप्रतिम येतो. पण ते घर कुणाचं तरी होतं. कर्ज फिटलं नाही म्हणून, पाऊस पडला नाही म्हणून कुणीतरी ते रडत सोडलं होतं. त्यांचं दुःख आपण 'वा, काय सुंदर!' म्हणत भिंतीवर टांगायचं का?

हेल काउंटीत हेच घडलं. पुस्तकात त्या तीन कुटुंबांची नावं बदलली होती, पण चेहरे कसे लपणार? पुढे त्यांच्या मुलानातवंडांपैकी काहींनी राग बोलून दाखवला. जगानं आम्हाला गरिबीचं चित्र म्हणून पाहिलं, आमच्या घरच्यांना त्यातून मिळालं काय, असं त्यांचं म्हणणं. इव्हान्सचे फोटो थोर आहेत यात शंका नाही. पण त्यांची तक्रारही खरीच आहे.

मग यावर उपाय काय? फोटो काढणं सोडून द्यायचं? नाही. घराबरोबर घराची गोष्टही शोधायची. कोण राहत होतं, का गेलं, आता त्यांची माणसं कुठे आहेत, हे विचारायचं. असं काम करणाऱ्या एकाची हकिगत ऐका.

१०५ शाळा

टस्कगी हे नाव ऐकलंय? ज्यांनी 'एक होता कार्व्हर' वाचलंय ते लगेच हात वर करतील! कार्व्हर जिथे शिकवत होते त्या टस्कगी संस्थेचे प्रमुख होते बुकर टी. वॉशिंग्टन. तेव्हा दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या मुलांच्या शाळांची दैना होती. वॉशिंग्टन यांनी ज्युलियस रोझेनवाल्ड या मोठ्या व्यापाऱ्याला सोबत घेतलं आणि १९१२ ते १९३२ या काळात १५ राज्यांत जवळजवळ ५,००० शाळा उभ्या राहिल्या. रोझेनवाल्ड यांनी सगळा पैसा एकट्यानं दिला नाही. गावकऱ्यांनीही वाटा उचलायचा अशी अट होती. ज्यांच्या हातात स्वतःची जमीनही नव्हती, अशा माणसांनी पैपैसा गोळा केला आणि अंगमेहनत केली.

वीज नसलेल्या या शाळांचे नकाशे मोठ्या हुशारीनं काढलेले होते. उंच खिडक्या ओळीनं, एकाला एक लागून. आणि इमारतीचं तोंड असं, की पूर्व-पश्चिमेचा उजेड वर्गात यावा. पुढे १९५४ मध्ये न्यायालयानं काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. हळूहळू या शाळा बंद झाल्या आणि बहुतेक कोसळल्या. सुमारे ५०० उरल्या.

अँड्र्यू फायलर या छायाचित्रकारानं त्या शोधायचं ठरवलं. २५,००० मैल गाडी चालवून त्यानं १०५ शाळांचे फोटो काढले. काही शाळा डागडुजी होऊन नव्यानं वापरात आल्या होत्या, काहींच्या भिंती झाडाझुडपांनी गिळल्या होत्या. पण फायलर नुसता इमारतींपाशी थांबला नाही. तो तिथे शिकलेल्या म्हाताऱ्या माणसांना भेटला, शाळा वाचवणाऱ्यांना भेटला आणि त्यांच्या हकिगती त्यानं फोटोंशेजारी लिहिल्या. नागरी हक्कांच्या चळवळीतले नेते जॉन लुईस हे अशाच एका शाळेत शिकले होते. २०२१ साली फायलरचं पुस्तक आलं, त्याला प्रस्तावना लुईस यांचीच आहे.

ओळखलंत ना फरक? आता ती शाळा म्हणजे नुसती पडकी भिंत राहत नाही. उन्हातान्हात राबून, पैसे साठवून आपल्या मुलांसाठी शाळा बांधणारी माणसं त्या भिंतीमागे दिसायला लागतात.

करून बघायचंय?

हे सगळं वाचून तुमचेही हात शिवशिवायला लागले असतील. मग आधी नियम ऐका. अमेरिकेत रिकाम्या घरालाही मालक असतो, आणि न विचारता आत शिरणं हा गुन्हा ठरू शकतो. म्हणून अनुभवी फोटोवाले रस्त्यावर उभं राहूनच फोटो काढतात किंवा शेजारच्या शेतावर जाऊन परवानगी मागतात. आपल्याकडेही तसंच करायचं. पडक्या इमारतीच्या आत तर अजिबात पाऊल टाकायचं नाही. कुजलेली जमीन, गंजलेले खिळे, गवतात झाकलेली विहीर, साप... फोटोपेक्षा पाय महत्त्वाचे! आणि तिथली एक वीटसुद्धा उचलायची नाही. (बोडीचा शाप आठवा!)

आता युक्त्या. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जा. डोक्यावरच्या उन्हात भिंत सपाट दिसते. कॅमेरा वर उचलून फोटो काढला की घर मागे पडल्यासारखं दिसतं, म्हणून जरा लांब जाऊन कॅमेरा सरळ धरा. एक फोटो समोरून, पूर्ण इमारतीचा. एक जवळून, दाराच्या कडीचा किंवा पाटीचा. घरातला साधा मोबाइलही चालेल. ब्राउनीनं जमलं, तर त्यानं का नाही जमणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही नेमके कुठे उभे होतात ते वहीत लिहून ठेवा. 'वडाच्या पारापासून दहा पावलं' असं. मग गावातल्या एखाद्या आजी-आजोबांना गाठा आणि विचारा, "इथे कोण राहायचं हो?" ते जे सांगतील तेही त्याच पानावर लिहा.

पहिला फोटो या दिवाळीच्या सुट्टीत काढा. दुसरा पुढच्या दिवाळीत, त्याच जागेवरून. आणि हो, दोन्हींवर तारीख घालायला विसरू नका!